शहरातल्या गाड्यांच्या वायरलेस नेटवर्कमध्ये एओडीव्ही हा राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे डेटाचा मार्ग ठरवणारी पद्धत, का टिकत नाही? प्रोजेक्टसाठी कोणता राउटिंग प्रोटोकॉल घ्यावा?

सिम्युलेशनमध्ये पुण्याच्या पेठांचा नकाशा घेऊन गाड्या वाढवत गेलात, तरी पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पोचण्याचं प्रमाण घसरतंच आहे, असं तुम्ही लिहिलंय. गाड्या वाढवल्यामुळेच ते घसरत असणार. एओडीव्ही आधी गाडी ते गाडी अशी अख्खी साखळी शोधतं आणि मगच डेटा सोडतं. समोरासमोर ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या दोन गाड्या 250 मीटर रेंज धरली तर जेमतेम 18 सेकंद एकमेकींच्या टप्प्यात राहतात, तेही सरळ रस्त्यावर. एक कडी तुटली की शोध पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या शोधाच्या गलक्यानेच चॅनेल भरून जातं.

मग सगळे जीपीएसआरकडे वळतात. कार्प आणि कुंग यांनी 2000 मध्ये मांडलेली ही पद्धत साखळी शोधतच नाही. शेजाऱ्यांपैकी जो मुक्कामाच्या सर्वात जवळ, त्याच्या हाती पॅकेट द्यायचं. मोकळ्या हायवेवर छान चालतं. पण लक्ष्मी रोडवरून कुमठेकर रोडवरच्या गाडीला पॅकेट पाठवून बघा. मुक्काम हाकेच्या अंतरावर, मध्ये इमारतींची रांग. पॅकेट भिंतीच्या अलीकडच्या गाडीपाशी येऊन अडकतं, कारण तिच्याहून जवळ कोणीच नाही. तिथून उजव्या हाताच्या नियमाने, म्हणजे भिंतीला उजवा हात लावून चालावं तसं, ते वळसे घेत राहतं.

शहरात मार्ग गाड्यांचा नाही, रस्त्यांचा आखावा, असं माझं ठाम मत आहे. गाड्या निघून जातात, रस्ते जागेवर असतात. असे प्रोटोकॉल आहेतच: जीएसआर नकाशावरून चौकांची क्रमवारी ठरवतं. ए-स्टार बसमार्गांना झुकतं माप देतं, कारण तिथे गाड्या मिळण्याची खात्री जास्त. मला सर्वात आवडतं ते जीपीसीआर. पुढची गाडी मुक्कामाला अधिक जवळ असली तरी ते पॅकेट चौकातल्या गाडीलाच देतं, कारण आडव्या रस्त्यावरही सिग्नल पोचतो तो तिचाच. त्याला नकाशाही लागत नाही. तुम्ही हेच घ्या आणि जीपीएसआरशी तुलना करा.

रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांसाठी व्हीएडीडी हा प्रोटोकॉल बघा. पुढे कोणी नसेल तर गाडी पॅकेट स्वतःजवळ ठेवून पुढे नेते. तिथे विलंबही मोजावा लागेल.

मात्र त्याआधी सिम्युलेशनमध्ये इमारती घाला. नाहीतर सिग्नल भिंतींतून आरपार जाईल आणि जीपीएसआरचे आकडे फसवे चांगले येतील. सुमो या वाहतूक सिम्युलेटरचं पॉलीकन्व्हर्ट हे साधन ओपनस्ट्रीटमॅपमधून इमारतींचे आकार काढून देतं. ओमनेट या नेटवर्क सिम्युलेटरच्या आयनेट लायब्ररीमध्ये एओडीव्ही, जीपीएसआर आणि अडथळ्यांची मॉडेलं तयार आहेत. जीपीसीआर मात्र जीपीएसआरच्याच कोडमध्ये बदल करून लिहावं लागेल.