त्यांच्या कॅमेऱ्याला चालतं, मग माझ्या का नाही?

प्रश्न: रस्त्यावर उभं राहून एका ऑफिसच्या इमारतीचे फोटो काढत होतो, तर वॉचमन धावतच आला, परमिशन घेतली का, आधी डिलीट करा म्हणून मागेच लागला. त्याच्याच डोक्यावर चार सीसीटीव्ही माझ्याकडे रोखलेले! त्यांनी मला विचारलं होतं का?

उत्तर: नाही ना विचारलं, त्यामुळे तुमचा राग बरोबरच आहे. आता कायदा देशागणिक बदलतो, पण लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी स्वतःच लिहून ठेवलंय की सार्वजनिक जागी फोटो काढायला परवाना लागत नाही आणि झडती घेताना पोलिसालासुद्धा तुमचे फोटो डिलीट करता येत नाहीत, मग वॉचमनचं काय घेऊन बसलात! त्यांच्या आवारात पाय ठेवलात की मात्र नियम त्यांचे.

बॉस्टनमध्ये २००७ साली भलताच प्रकार झाला. पोलीस एकाला पकडत होते, तिथून जाणाऱ्या वकिलाने मोबाइलवर शूटिंग केलं तर त्यालाच अटक, आणि कलम कुठलं, तर चोरून टेप केल्याचं! फोन उघड उघड हातात होता हो. शेवटी २०११ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या पोलिसांचं शूटिंग करणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि नंतर तडजोडीत शहराला १ लाख ७० हजार डॉलर मोजावे लागले.

आवाजाचं मात्र जपून, लोक हेच विसरतात. जर्मनीत कुणाचं खासगी बोलणं न विचारता रेकॉर्ड करणं हा सरळ गुन्हा आहे.

आता ते चार सीसीटीव्ही. चेक प्रजासत्ताकात एकाच्या घराच्या काचा सारख्या फुटायच्या म्हणून त्याने कॅमेरा लावला, संशयित सापडलेही, तरी २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने म्हटलं की रस्ता टिपणारा कॅमेरा निव्वळ घरगुती राहत नाही, डेटा संरक्षणाचे नियम त्यालाही लागू. घराच्या कॅमेऱ्याची ही गत तर ऑफिसच्या कॅमेऱ्याला कोण सोडतंय? तिकडे तुम्ही कंपनीला लेखी विचारू शकता की माझं फुटेज किती दिवस ठेवता, कोण बघतं, आणि त्यात मी दिसतो त्याची कॉपी द्या. तुमच्याकडे असा कायदा असेल तर वॉचमनशी वाद घालत बसू नका, तारीख-वेळ टाकून हेच पत्र पाठवा, फुटेज पुसलं जायच्या आत.