हौदाचा वास, मशिनचं खत आणि पाल्याची बेगमी

प्रश्न : आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत ३ × ३ × ३ फुटांचे ओल्या कचऱ्याचं खत करायचे दोन विटांचे हौद आहेत. पावसाळा लागल्यापासून कुजका वास येतोय, अळ्याही झाल्यात. कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंचं विरजण) दुप्पट टाकलं, चुना मारला, फरक नाही. सभासद हौद बंद करा म्हणतात. (ठाणे)

उत्तर : चुना आधी थांबवा. त्याने नत्र अमोनिया होऊन उडतो, म्हणजे नाकाला झोंबणारा आणखी एक वास वाढतो आणि खत हलकं होतं. कल्चरचा इथे काही दोष नाही. ओल्या कचऱ्यात मुळातच तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. कलिंगडाची सालं, भाज्यांची देठं, उरलेलं वरण एकावर एक पडलं की हवेच्या वाटा बुजतात आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू माजतात. हा वास त्यांचा.

कचऱ्याच्या दर बादलीमागे बादलीभर सुका पाला हवा. चुरलेला असेल तर अर्धी-पाऊण बादली पुरते. सध्या वरचा दीड फूट थर फावड्याने उपसा, ताडपत्रीवर पाला मिसळा आणि परत भरा. मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर अजून पाला घाला. मधोमध भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप उभा करा. हौदावर छप्पर हवंच. रोजचा कचरा टाकून झाला की त्यावर २-३ इंच पाला किंवा तयार खत पसरा, कारण माश्या अंडी घालतात ती उघड्या कचऱ्यावर. अळ्यांनी खताचं काही बिघडत नाही, उलट त्या कचरा फस्त करतात. पण त्या जिन्यापर्यंत पोचल्यावर हे सभासदांना कोण पटवणार!

खरी गोम मात्र हौदांच्या संख्येत आहे. घरटी अर्धा किलो धरला तरी रोज २४ किलो कचरा येतो. पाल्यासकट आणि बसून बसून तुमचा एक हौद साधारण महिन्यात भरतो. भरल्यावर त्याला किमान दोन महिने विश्रांती लागते, त्यात दर पंधरवड्याला एकदा खालीवर करणं आलं. दोनच हौद असतील तर पहिला अर्धाकच्चा असतानाच उपसावा लागतो. चार हौद करा. खत होतंय का, हे पाहायला लोखंडी सळई दहा मिनिटं मध्यभागी खुपसून ठेवा. नव्या भरणीत ती हातात धरवेना इतकी तापली पाहिजे. आत ५५-६० अंश असतात. कोमट निघाली तर ओल जास्त आहे किंवा हवा कमी.

प्रश्न : ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या मशिनमधून २४ तासांत निघालेलं खत कुंड्यांत घातलं. तुळस, मोगरा करपले, वर बुरशी आली. (पिंपरी)

उत्तर : ते खत नव्हतं, वाळवून भरडलेला कचरा होता. पाणी लागताच तो कुंडीत नव्याने कुजू लागतो. त्यात उष्णता आणि आम्लं तयार होतात, शिवाय जीवाणू मुळांच्या तोंडचा नत्र पळवतात. उरलेल्या मालात पाणी शिंपडून तो पाल्यासोबत ढिगात किंवा हौदात ३०-४५ दिवस ठेवा. मग ओलसर मूठभर माल पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर वापरा, आंबट आला तर थांबा. वापरतानाही एक भाग खताला तीन भाग माती. जागा असेल तर मशिनपेक्षा हौद बरा, विजेचं बिल तरी वाचतं.

प्रश्न : आमच्या आवारात झाडं कमी आहेत. पाला कुठून आणायचा? (नाशिक)

उत्तर : फेब्रुवारी ते एप्रिल शेजारच्या बागेत, रस्त्यावर पाला मुबलक पडतो आणि बऱ्याचदा जाळला जातो. तो पोत्यांत भरून कोरड्या जागी रचा. पावसाळ्याची बेगमी तेव्हाच होते. कमी पडला तर सुताराकडचा लाकडाचा भुसा आणा, पण प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात गोंद असतो. भुसा पाव बादलीच घाला. फाडलेला पुठ्ठा, अंड्यांचे ट्रे हेही चालतात.

प्रश्न : गणपतीतलं निर्माल्य आणि आंब्याच्या कोयी हौदात चालतात का? (सांगली)

उत्तर : निर्माल्य उत्तम. मात्र हारांतले दोरे, जर आणि थर्माकोलचे मणी आधी काढा. कोयी, करवंट्या हौदाच्या मुदतीत कुजत नाहीत. त्या वेगळ्या पोत्यात ठेवा, किंवा चाळणीवर राहिल्या की पुढच्या हौदाच्या तळाशी टाका. तिथे हवा खेळती ठेवायला त्या विटांच्या तुकड्यांइतक्याच उपयोगी पडतात.