घंटागाडीपासून सुरुवात करा

नाशिक महापालिकेच्या कामावर नजर ठेवायचा तुमचा उत्साह छान आहे, पण तिच्या सहाही विभागांचा हिशेब एकदम मांडायला जाऊ नका. सिडकोची तऱ्हा वेगळी, पंचवटीची वेगळी. आपल्या गल्लीतली घंटागाडी पुरे.

– किती वाजता आली, ओला-सुका वेगळा घेतला का, त्याच दिवशी वहीत लिहा. न आलेला दिवसही लिहायचा, नवखे नेमका तोच गाळतात. 'बहुतेक आली असेल' ही नोंद नव्हे.
– तक्रार 'निकाली' दिसली म्हणजे खड्डा बुजला असं नाही. जाऊन बघा, फोटो काढा.
– दाखले देण्याची मुदत लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेली असते. पोच जपा; दिवस परिपूर्ण अर्ज दिल्यापासून मोजायचे.

माहिती अधिकार, अंदाजपत्रक वगैरे नंतर बघू. महिनाभर वही भरा, मग बोलू.