स्टेडियम एक लाखाचं, पण जागा कुणाची?

युनायटेडच्या नव्या स्टेडियमबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. ज्यांनी हे प्रकरण फॉलो केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 11 मार्च 2025 ला मँचेस्टर युनायटेडने जाहीर केलं की सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या शेजारीच 1 लाख सीटचं नवं स्टेडियम बांधायचं, डिझाईन फॉस्टर प्लस पार्टनर्सचं, खर्चाचा आकडा साधारण 2 अब्ज पाउंड. झालं तर ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं, कारण वेम्बली 90 हजारांचं आहे. आता प्रश्न.

टीम 2024-25 ला लीगमध्ये 15 वी आली, युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरली, ऑफिसमधल्या लोकांना नोकरीवरून काढलं, आणि यांना 2 अब्जाचं स्टेडियम सुचतंय. घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा, असला प्रकार नाही का हा?

म्हण चपखल आहे, पण निकाल तुमच्या बाजूने देणार नाही. टीम खराब आहे म्हणून स्टेडियम थांबवा हे मला पटत नाही, टीम दोन-तीन ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या हंगामांत, बदलता येते, स्टेडियम एकदा बांधलं की दोन-तीन पिढ्या त्यातच बसतात, ओल्ड ट्रॅफर्डच बघा, 1910 पासून चालू आहे. राग यायचाच असेल तर तो 2005 चा येऊ द्या. ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तेव्हा क्लबवर कर्ज नव्हतं, आणि घेण्यासाठी जे कर्ज काढलं त्याचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. तेव्हापासून व्याज भरणं चालूच आहे. ओल्ड ट्रॅफर्डचं शेवटचं मोठं वाढीव काम झालं ते 2006 ला, आणि त्यानंतर आर्सेनल नव्या घरात गेलं, टॉटनहॅम गेलं, एव्हर्टनसुद्धा गेलं, इकडे मे 2024 मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर छतातून धबधब्यासारखं पाणी कोसळत होतं आणि जगभर लोक तो व्हिडिओ फिरवत होते. म्हणजे वीस वर्षं जे काम टप्प्याटप्प्याने करायचं ते आता एकदम, एका बिलात आलंय.

आहे तेच मोठं का करत नाहीत? तीन बाजू तर मस्त उंच आहेत, चौथी उंच केली की झालं.

ही चौथी बाजू म्हणजे सर बॉबी चार्लटन स्टँड, आणि तिच्या पाठीला अक्षरशः चिकटून रेल्वेलाईन जाते. म्हणून तर ती इतकी वर्षं बुटकी राहिली, बाकी तिन्ही वर गेल्या. रुळांवरून बांधकाम न्यायचं म्हणजे खर्च, परवानग्या आणि पलीकडे राहणाऱ्यांची घरं, सगळंच अवघड. तरी तो पर्याय तपासला होता. सेबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स बसला होता, त्यात युनायटेडचा माजी खेळाडू गॅरी नेव्हिल आणि ग्रेटर मँचेस्टरचे मेयर अँडी बर्नहॅमही होते, आणि त्यांच्यासमोर दोन रस्ते होते, जुनं वाढवून साधारण 87 हजार किंवा शेजारी नवं 1 लाख.

मला विचाराल तर निर्णय सीटच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर फिरतो. जुनं वाढवताना खेळायचं कुठे? बार्सिलोनाने आपल्या कॅम्प नोऊ स्टेडियमचं काम काढलं आणि 2023 पासून टीम मॉन्टजुईकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेली, परत यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि तेव्हाही साधारण 45 हजारच लोक आत घेता आले. शेजारी नवं बांधलं तर जुन्या ठिकाणी 74 हजार लोकांची मॅच चालू राहते, गल्ला चालू राहतो.

तसं बेघर होणं युनायटेडला नवीन नाही म्हणा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्ब पडून स्टँड उद्ध्वस्त झाले आणि युद्धानंतर 1949 पर्यंत टीम चक्क शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या ‘मेन रोड’ या स्टेडियमवर खेळली. तो मोठा हल्ला झाला 11 मार्च 1941 ला. नव्या स्टेडियमची घोषणाही 11 मार्चलाच, मुद्दाम की योगायोग कुणास ठाऊक.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. 1 लाख सीट म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला नक्की काय दिसणार? जरा टेक्निकल सांगितलंत तरी चालेल.

अशा प्रश्नाची वाटच बघत होतो, त्यामुळे थोडं लांबेल.

स्टँड डिझाईन करताना एक आकडा सतत डोक्यात असतो, सी व्हॅल्यू. तुमच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत रेष ओढा, ती पुढे बसलेल्याच्या डोळ्याच्या किती मिलिमीटर वरून जाते ती ही सी व्हॅल्यू. 60 म्हणजे कसंबसं, मान इकडेतिकडे करत बघायचं, 90 चांगलं, 120 म्हणजे पुढच्याने टोपी घातली तरी फरक पडत नाही. आता गंमत अशी की हीच व्हॅल्यू शेवटपर्यंत टिकवायची तर प्रत्येक मागची रांग आधीच्यापेक्षा थोडी जास्त उचलावी लागते, म्हणून चांगला स्टँड कापून बाजूने पाहिला तर सरळ उतार नसतो, वर जाईल तसा तो वाकत उभा होत जातो. पण उभा करून करून किती करणार, साधारण 35 अंशांच्या आसपास थांबावंच लागतं, त्यापुढे पायऱ्या राहत नाहीत, शिडी होते आणि लोकांना चक्कर यायला लागते.

दुसरी मर्यादा अंतराची. मैदानाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून सीट 150 मीटरच्या आत असावी असं म्हणतात, आणि 190 ही कमाल. फुटबॉलचा व्यास 22 सेंटिमीटर. 190 मीटरवरून तो किती दिसेल याचा हिशोब केला तर हात लांब करून धरलेल्या पेन्सिलीतल्या 0.7 च्या लेडएवढा. त्याहून लांब बसलात तर मैदानावर खेळाडू पळताना दिसतात आणि बॉल कुठे आहे ते त्यांच्या पळण्यावरून ओळखायचं.

तर 60 हजारांवरून 1 लाखावर जाताना ज्या 40 हजार सीट वाढतात त्या सगळ्या वर आणि मागेच जातात, पुढे मैदान आहे. जुन्या कॅम्प नोऊच्या वरच्या रांगांमध्ये बसलेल्यांना विचारा. उलट उदाहरण लंडन स्टेडियमचं, तिथे अंतर उंचीमुळे नाही, ॲथलेटिक्सच्या ट्रॅकमुळे आली, वेस्ट हॅम 2016 ला तिथे गेलं आणि 60 हजारांवर लोक बसूनही आवाज मैदानापर्यंत पोचत नाही ही तक्रार अजून चालू आहे.

आवाजाचं तर वेगळंच शास्त्र आहे. टॉटनहॅमने 2019 ला जे उघडलं त्यात एका गोलच्या मागे 17,500 सीटचा सलग एकच स्टँड ठेवला, मध्ये हॉस्पिटॅलिटी बॉक्सच्या काचा नाहीत, मजले तोडलेले नाहीत, त्यामुळे एका कोपऱ्यात गाणं सुरू झालं की पूर्ण स्टँड उचलतो. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा गोलमागचा स्टँड, ज्याला पिवळी भिंत म्हणतात, तो त्याहून मोठा, साधारण 25 हजार, पण ते लोक उभे असतात. युनायटेडने काहीही करावं, पण एका गोलमागे असा सलग स्टँड नाही ठेवला तर 1 लाख माणसं असूनही वाचनालयासारखी शांतता असेल, हे माझं मत लिहून ठेवा.

आणि आत जाण्याइतकंच बाहेर येणंही असतं. इंग्लंडमध्ये 1989 च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर सुरक्षेचे नियम खूप कडक झाले, 97 जीव गेले त्या दुर्घटनेत. तिथल्या गाईडनुसार मॅच संपल्यावर स्टँडमधून मोकळ्या वाटेला लागायला जास्तीत जास्त 8 मिनिटं. एक लाखाला ते लावा, म्हणजे जिने, बोगदे, रॅम्प किती लागतील तुम्हीच काढा, तुम्ही इंजिनिअर आहात. आणि त्या 8 मिनिटांनंतर हे सगळे एकाच वेळी ट्रामच्या लाईनीत. स्टेडियमला लागून एक छोटं रेल्वे स्टेशन आहे ना, तिथे कित्येक वर्षं मॅचच्या दिवशीही गाडी थांबत नाही.

पैसा कुठून आणणार? सरकार देणार का?

स्टेडियमसाठी नाही. सरकारने पाठिंबा दिलाय तो आजूबाजूच्या भागाला, म्हणजे रस्ते, ट्रान्सपोर्ट, घरं, आणि स्टेडियमच्या बांधकामात करदात्यांचा पैसा जाणार नाही असं बर्नहॅम वारंवार सांगत आलेत. या भागात 17 हजार नवी घरं आणि 92 हजार नोकऱ्या असे आकडे घोषणेत होते. ते क्लबच्याच बाजूने आलेत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

क्लबची स्वतःची अवस्था म्हणजे जुनं कर्ज आणि विकत घेतलेल्या खेळाडूंचे बाकी हप्ते धरले तर देणी 1 अब्ज पाउंडच्या वर. सर जिम रॅटक्लिफ 2024 ला हिस्सा घेऊन आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे, पण मेजॉरिटी ग्लेझरांचीच. म्हणजे नवीन कर्ज, नाहीतर नवा गुंतवणूकदार, नाहीतर दोन्ही.

इथे आर्सेनलचं उदाहरण सगळे चुकीचं देतात. त्यांच्या जुन्या हायबरी स्टेडियमला 38 हजार जागा होत्या, 2006 ला ते 60 हजारांच्या एमिरेट्सवर गेले, 390 मिलियन पाउंडचं काम. पण त्याची किंमत मैदानावर मोजली, 2005 च्या एफए कपनंतर थेट 2014 पर्यंत एकही ट्रॉफी नाही, दर उन्हाळ्यात एखादा मोठा खेळाडू विकायचा, 2012 ला व्हॅन पर्सी तर युनायटेडलाच विकला आणि त्याच्या गोलांवर युनायटेड चॅम्पियन झालं. आणि आर्सेनलकडे तेव्हा मॅनेजर म्हणून वेंगर होते, जे कमी पैशातही दरवर्षी टॉप फोरमध्ये टीम बसवायचे. युनायटेडकडे आत्ता तसं कोण आहे?

मग तिकीट स्वस्त होणार ना? जागा वाढल्या की भाव पडतो, साधं गणित आहे.

ताई, हे गणित भाजीला लागू पडतं, प्रीमियर लीगला नाही. 2024-25 च्या सीझनच्या मध्येच युनायटेडने मेंबर्सच्या उरलेल्या तिकिटांचा भाव सरसकट 66 पाउंड केला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. तेही 74 हजारांच्या स्टेडियममध्ये, टीम हरत असताना. नव्या स्टेडियमचं कर्ज फेडायचं असेल तर जास्त पैसा साध्या सीटमधून येत नाही, मधल्या मजल्यावरच्या जेवणासकटच्या सीट आणि बॉक्समधून येतो. एमिरेट्सला मधल्या टियरमध्ये अशा साधारण 7 हजार सीट आहेत. म्हणून युनायटेडच्या सपोर्टरांनी विचारायचा प्रश्न हा: 1 लाखापैकी साध्या भावाच्या किती, आणि त्या कुठे? शेवटच्या रांगेत, त्या 0.7 च्या लेडवाल्या?

डिझाईनच्या चित्रात स्टेडियमवर दाखवलेली ती भलीमोठी छत्री आणि तीन खांब खरंच होणार?

सगळ्यात उंच खांब 200 मीटरचा, खाली मोठा चौक, छतावर पावसाचं पाणी साठवायचं. पाऊस मँचेस्टरमध्ये कमी पडणार नाही हे नक्की. पण मोठ्या इमारतीचं पहिलं चित्र आणि शेवटची इमारत यात बजेट नावाचा माणूस बसलेला असतो, आणि त्याची नजर पहिल्यांदा अशा छत्रीवरच जाते. छत्री कापली गेली तरी मला वाईट वाटणार नाही, पायऱ्यांचा उतार कापला तर वाटेल.

जुन्याचं काय करणार? पाडणार?

शक्यता तीच दाट आहे. आधी एक विचार होता की छोटं करून महिला टीमला द्यावं, एव्हर्टनने आपल्या जुन्या गुडिसन ग्राउंडचं तेच केलं, पुरुषांची शेवटची मॅच मे 2025 ला झाली आणि आता तिथे त्यांची महिला टीम खेळते. पण गुडिसन 39 हजारांचं होतं आणि नवं ग्राउंड पार गोदीत, दोन मैल लांब. इथे दोन अवाढव्य स्टेडियम शेजारी शेजारी ठेवून दोन्हीचं मेंटेनन्स कोण करणार.

2030-31 चा सीझन नव्या स्टेडियममध्ये सुरू होईल असं म्हणतात. खरं का? मला एकदा तरी जायचंय.

जायचंच असेल तर जुन्यात जाऊन या, थांबू नका. पाच वर्षांचा जो हिशोब आहे तो काम सुरू झाल्यापासूनचा. फॉस्टर यांची आयडिया चांगली आहे, 160 मोठे तुकडे बाहेर तयार करायचे आणि 1894 पासून असलेल्या मँचेस्टर शिप कॅनॉलमधून बार्जवर आणून जोडायचे, त्याने बांधकामाची वर्षं निम्मी होतील असं ते म्हणतात. होतीलही. पण तुकडे ठेवायला आधी जमीन तर हवी. स्टेडियमच्या मागे मालगाड्यांचं कंटेनर टर्मिनल आहे, त्याची जागा या प्लॅनला लागते आणि ती क्लबची नाही. ते टर्मिनल सेंट हेलेन्सकडे हलवायचा विचार आहे, पण तिथे आधी नवीन यार्ड उभं राहायला हवं, रूळ जायला हवेत, मगच इथले कंटेनर हलणार, आणि जागेच्या किमतीवरून दोन्ही बाजूंत बरंच अंतर असल्याच्या बातम्या 2025 मध्येच आल्या होत्या. त्यामुळे छत्रीची नवीन चित्रं आली तर बघून सोडून द्या, ते टर्मिनल हलवायच्या करारावर सह्या झाल्या अशी बातमी आली की मला कळवा, त्या दिवसापासून वर्षं मोजू.