शाळेच्या पायऱ्या : तुम्ही विचारलंत, गुरुजी सांगतात

नातीच्या शाळेत पालकसभेला '५+३+३+४' असं काहीतरी सांगितलं. म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा गेली का? (एक आजोबा, राजापूर)

गेली नाही, आजोबा. तो वर्षांचा हिशेब आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला. पोर ३ वर्षांचं झालं की मोजायला सुरुवात: अंगणवाडी-बालवाडीची ३ वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून ५, मग तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, आणि शेवटची ४ म्हणजे नववी ते बारावी. खरा बदल पहिल्या पाचांत आहे. अंगणवाडी म्हणजे खाऊ खाऊन यायची जागा, असं आपण समजत होतो. आता ती शिक्षणाची पहिली पायरी धरली आहे. दहावी-बारावीचं बोर्ड आहे तिथंच, आपलं तर रत्नागिरीत.

वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलीला सातवीपर्यंतच्या मराठी शाळेत घालू की खाडीपलीकडच्या हायस्कुलात? (एक आई, देवगड तालुका)

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत. आपल्याकडच्या शाळा मात्र जुन्या हिशेबाच्या: कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. म्हणून पोरांच्या पायऱ्या धोरण ठरवत नाही, वाडी ठरवते. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या. नसेल तर जाण्या-येण्याची सोय मागता येते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

मराठी शाळा निवडलीत तर आठवीला पुन्हा दाखला काढा, पुन्हा नवे सर, नव्या मैत्रिणी. हायस्कुलात दहावीपर्यंत घोर नाही. पण रस्ता मे महिन्यात बघून ठरवू नका. मी नोकरीत असताना एका वाडीतली पोरं साकवावर पाणी आलं की दप्तर डोक्यावर धरून माघारी जायची. जुलैचा हजेरीपट नुसता गैरहजेरीच्या खुणांनी भरलेला. आताच्या पावसात एकदा तिच्याबरोबर चालून या.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? (पालक, गुहागर)

करत नव्हते. केंद्राने २०१९ मध्ये कायदा बदलला, राज्याने २०२३ मध्ये नियम केले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. राहिला तर २ महिन्यांत फेरपरीक्षा, तिच्यातही राहिला तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

वडील 'फायनल', काका 'अकरावी मॅट्रिक'. फॉर्मवर शिक्षण काय लिहू? (एक वाचक, मालवण)

फायनल म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. हसू नका, तेवढ्यावर मास्तरकी मिळायची! दहावीची पहिली तुकडी १९७५ ची; त्याआधी मॅट्रिक अकरावीला असे. वडिलांचं 'सातवी' लिहा. काकांच्या अकरावीला कॉलेजची अकरावी समजू नका, 'एसएससी' लिहा.