फिक्स्ड टॅरिफ घेतलं, घर पाच आठवडे बंद होतं, तरी बिल का आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये लेस्टरला दोन खोल्यांचा फ्लॅट, मार्चमध्ये वीज-गॅसचं बारा महिन्यांचं फिक्स्ड टॅरिफ (दरयोजना) घेतलं, दिवाळीला 35 दिवस पुण्यात होतात. घरात कोणी नव्हतं, हीटिंग बंद होतं आणि तरी त्या दिवसांचे 38 पौंड लागले. कंपनीने फसवलं का, आणि पुढच्या वेळी स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार) कमी असलेलं टॅरिफ घ्यावं का?

फसवलेलं नाही. तुम्ही बिलाचे आकडे दिले आहेत, तेच एकदा मांडून बघू. विजेचा स्टँडिंग चार्ज दिवसाला 49.52 पेन्स, गॅसचा 31.43. हे आकडे व्हॅटशिवायचे आहेत. घरगुती वीज-गॅसवर 5 टक्के व्हॅट बिलाच्या शेवटी लागतो, तो धरला की 52 आणि 33, म्हणजे दिवसाला 85 पेन्स. 35 दिवसांचे झाले 29 पौंड 75 पेन्स. उरलेले सव्वाआठ पौंड फ्रीज आणि राउटरचे. ते दोन्ही चालू ठेवून गेलात असं तुम्हीच लिहिलंय, आणि दोघं मिळून रोज एक युनिटच्या आसपास सहज घेतात. हिशोब जुळतो.

घोटाळा ‘फिक्स्ड’ या शब्दाचा आहे. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की बिल ठरलं. फिक्स होतात ते दोन दर: एका युनिटचा दर आणि एका दिवसाचा दर. युनिट किती वापरलीत त्यावर पहिला भाग ठरतो आणि वर्षाचे दिवस तर 365 आहेतच. दर महिन्याला डायरेक्ट डेबिटने जी रक्कम जाते ती या दोन्हींपासून वेगळी. तो कंपनीने बांधलेला अंदाज असतो आणि फिक्स चालू असतानाही ती रक्कम वर-खाली होऊ शकते.

महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ नावाची ओळ असते, ती आठवा. पुण्यातला फ्लॅट महिनाभर बंद असला तरी ती ओळ शून्य होत नाही. स्टँडिंग चार्ज ही त्याच जातीची गोष्ट, फक्त इथे ती रोजच्या हिशोबाने लागते, वीज आणि गॅसची वेगवेगळी लागते आणि रक्कम डोळ्यात भरण्याइतकी मोठी असते.

इतकी मोठी का, हे नीट सांगतो, कारण राग योग्य जागी जावा असं मला मनापासून वाटतं. तारा, खांब, सबस्टेशन, गॅसच्या पाइपलाइनी, मीटर, बिलिंग, शिवाय काही सरकारी योजनांचा खर्च, हे सगळं यातून वसूल होतं. 2022 च्या सुरुवातीपर्यंत प्राइस कॅपमधला (कॅप म्हणजे दरांवरची कमाल मर्यादा) विजेचा स्टँडिंग चार्ज दिवसाला साधारण 25 पेन्स होता. एप्रिल 2022 मध्ये तो एकदम 45 च्या घरात गेला. त्यामागे दोन कारणं होती. 2021 च्या उत्तरार्धात घाऊक गॅसचे भाव भडकले आणि काही महिन्यांत तीसच्या आसपास पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च सगळ्यांच्या विजेच्या स्टँडिंग चार्जमध्ये वाटला गेला. मला वीज-गॅस देणारी कंपनीही त्यातच बुडाली. स्वस्तातला फिक्स हातात होता, तो एका ईमेलने संपला, आणि वर तो खर्च भरणाऱ्यांत मीही होतो.

दुसरं कारण टिकाऊ आहे. विजेच्या जाळ्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा ऑफजेमने, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, युनिटच्या दरातून काढून ठरावीक आकाराकडे नेला. म्हणणं असं की छपरावर सोलर असलेला माणूस युनिटं कमी विकत घेतो, पण तार त्यालाही तेवढीच लागते. तर्क समजतो. पण मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, कारण घरगुती ग्राहकांत लहानमोठा भेदच ठेवलेला नाही. एका खोलीत एकटी राहणारी आजी आणि पाच बेडरूमचं घर, जाळ्याचा ठरावीक आकार दोघांना सारखाच. लोकांनी भरपूर तक्रारी केल्या, नोव्हेंबर 2023 मध्ये ऑफजेमने यावर मतंही मागवली. तरी ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 च्या कॅपमध्ये सरासरी आकडे वीज 53.68 आणि गॅस 34.03 पेन्स होते. वर्षाचे 320 पौंड, एकही दिवा न लावता.

प्राइस कॅप तुमच्या फिक्सला लागू नाही, हेही लक्षात घ्या. तो फक्त स्टँडर्ड व्हेरिएबल, म्हणजे काहीच न निवडता ज्यावर आपण जाऊन पडतो, त्या टॅरिफसाठी आहे. दर तीन महिन्यांनी बदलतो आणि त्यात युनिट आणि स्टँडिंग चार्ज दोन्हींना मर्यादा असते. फिक्स्ड टॅरिफमध्ये कंपनी हे दोन आकडे हवे तसे जुळवू शकते: युनिट स्वस्त आणि स्टँडिंग चार्ज चढा, किंवा उलट. म्हणून ‘युनिट फक्त इतक्याला’ अशी जाहिरात दिसली की आधी खालची ओळ वाचायची. ‘कॅपपेक्षा कायम अमुक इतकं स्वस्त’ म्हणून विकलं जाणारं टॅरिफ हे फिक्स नव्हेच, ते कॅपबरोबर हलतं.

आता तुमचा खरा प्रश्न. समजा दोन फिक्स समोर आहेत. पहिल्यात वीज युनिटला 24.5 पेन्स आणि दिवसाला 55. दुसऱ्यात युनिटला 27 आणि दिवसाला 35. दिवसामागे फरक 20 पेन्स, म्हणजे वर्षाला 73 पौंड. युनिटमागे फरक अडीच पेन्स. 73 पौंडांना अडीच पेन्सने भागलं की 2,920 युनिटं. वर्षाला याहून कमी वापर असेल तर दुसरं टॅरिफ स्वस्त, जास्त असेल तर पहिलं. 2025 मध्ये ऑफजेम ‘नेहमीचं घर’ म्हणून वर्षाला वीज 2,700 आणि गॅस 11,500 युनिटं धरत होतं. दोघांच्या फ्लॅटमध्ये वीज 1,800 च्या आसपास असेल तर दुसऱ्यात 28 पौंड वाचतील. घरात चौघं असतील, टंबल ड्रायर चालत असेल आणि वापर 4,100 असेल, तर तेच टॅरिफ साडेएकोणतीस पौंडांनी महाग पडेल. गॅसचा असाच वेगळा हिशोब करा. तुलना करणाऱ्या वेबसाइटवर ‘छोटं घर, मध्यम घर’ यावर टिचकी मारू नका. आपल्या बिलावर वर्षाचा अंदाजे वापर छापलेला असतो, तो घाला.

स्टँडिंग चार्ज शून्य अशीही टॅरिफ दिसतात. त्यात काही वेळा रोजच्या सुरुवातीच्या थोड्या युनिटांना चढा दर लावलेला असतो. रोजच्या वापरात ती युनिटं सहज संपतात. वर्षातून सहा महिने खरोखर मेन स्विच बंद असलेल्या घरालाच त्याचा फायदा. पाच आठवड्यांसाठी नाही.

तुमचे लंडनचे मामा म्हणतात ‘आम्हाला तर खूप कमी लागतो’, तेही खरं बोलताहेत. ग्रेट ब्रिटनमध्ये विजेच्या वितरणाचे 14 विभाग आहेत आणि स्टँडिंग चार्ज विभागाप्रमाणे बदलतो. लंडनमध्ये विजेचा कमी, उत्तर वेल्स आणि मर्सीसाइडकडे बराच जास्त. त्यांचा आकडा लेस्टरला लावून बघू नका.

प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरायचे, मग वापरायचं) असलेल्यांसाठी एक गोष्ट, कारण ही मला स्वतःला फार लागली होती. लीड्सला पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत किल्लीचा मीटर होता. कोल्हापूरहून 40 दिवसांनी परत आलो, घर थंडगार, मीटरवर काही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून किल्लीवर 20 पौंड भरून आणले, किल्ली घातली, आणि पडद्यावर 9 पौंड 20 पेन्स आले. मीटर बिघडला असं समजून मी ती किल्ली तीनदा काढून घातली. दिवसाला 27 पेन्सप्रमाणे 40 दिवसांचे 10 पौंड 80 पेन्स त्याने आधी वळते करून घेतले होते. तुमच्याकडे असा मीटर असेल तर लांब जाण्याआधी तेवढे दिवस गुणून पैसे भरून ठेवा. दिवस मोजायला गॅसचा मीटर विसरू नका. उन्हाळ्यात हीटिंग नसताना जून ते ऑगस्टचे 92 दिवस नुसत्या 33 पेन्सने 30 पौंड 36 पेन्स होतात.

गॅसचा स्टँडिंग चार्ज थांबवायचा तर मीटरच काढून घ्यावा लागतो. शेगडी आणि बॉयलर दोन्ही विजेवर आणलेल्या घरमालकाने विचार करावा. भाडेकरूला तो मार्ग नाही.

तुमचा फिक्स 14 मार्चला संपतोय. मध्येच सोडलात तर एक्झिट फी लागेल, तीही वीज आणि गॅसची वेगळी. पण शेवटचे 49 दिवस ती लावता येत नाही, म्हणजे 24 जानेवारीपासून तुम्ही मोकळ्या आहात. काहीच केलं नाहीत तर व्हेरिएबलवर जाल. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बिल काढा, वर्षाची युनिटं बघा, आणि समोर आलेल्या दोन टॅरिफचे चार आकडे इथे टाका. भागाकार मी करून देतो.