सांध्याचं दुखणं वेगळं, नसांचं वेगळं

वहिनी, आधी एवढं नीट ओळखा: जिना उतरताना कळ येते, सकाळी गुडघा आखडतो, ते सांध्याचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, ते बहुतेक नसांचं. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळं सांगा, कारण औषधंही वेगळी असतात. मेडिकलमधून आणलेली पेनकिलर नसांच्या आगीवर फारशी चालत नाही आणि रोज घेतली तर किडनीवर येतं. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन ही गोळी दिली तर सुरुवातीला गरगरू शकतं; रात्री उठताना पलंगाच्या कडेला जरा बसा, मगच उभ्या राहा. बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करू नका.

तुम्हाला शुगर आहे, तिच्यावरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे, त्यात माळकरी शाकाहारी घर. या दोन्हींमुळे बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं, म्हणून ते तपासून घ्याच. ते कमी झालं तरी पाय असेच जळतात, आणि वेळेत कळलं तर इलाज सोपा असतो.

शेकताना पाणी आधी कोपराने बघा, पायाने नको. बधिर तळव्याला चटका कळत नाही, फोड मात्र येतो. अनवाणी तर अंगणातही जाऊ नका.

काठीची लाज कसली? उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरा.

अजिंक्यतारा किल्ला चढायची हौस सध्या राहू द्या. चढ जमतो, उतार गुडघ्यांना सोसत नाही. सपाटीवर चाला. साताऱ्याच्या पावसात बाहेर पडणं होत नाही, तेव्हा खुर्चीत बसून एकेक पाय सरळ ताणा, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा.